कानांची दुरुस्ती

मृदुलाताईंनी सकाळी गाडीची काच पुसली, श्रीनिवासरावांची डायलिसिसची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि कुंभार्ली घाटातून कराडला निघण्यासाठी इंजिन चालू केले. घागच्या गॅरेजने पिस्टन बदलल्यापासून ते ठोकत होते. काल तिसऱ्या दुरुस्तीनंतर मात्र गाडी निमूट झाली होती.

"अगं, बंद कर! केवढं ठोकतंय!" श्रीनिवासराव ओरडले.

त्यांच्या कानातली गाळणी आज घरीच राहिली होती. नको ते आवाज गाळणारी ही चकती हल्ली प्रत्येकाच्या कानात असे आणि गाडीशीही जोडलेली असे. ताईंनी आपली काढली. बॉनेटखाली कुणीतरी घण घालत होते.

त्या गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत गेल्या.

"इंजिन तसंच ठेवून माझे कान दुरुस्त केलेत, घागसाहेब?"

"तक्रार आवाजाची होती, मॅडम," घाग गोड हसला. "आवाज गेला. बाकीची गिऱ्हाइकं खूश आहेत."

"मग बसा गाडीत. घाट चढून येऊ."

घागचे हसू ओसरले. "आज जरा... माणसं कमी आहेत."

आजारी माणसाला ज्या गाडीतून त्याने खुशाल घाटात धाडले असते, तिच्यात बसायची त्याची स्वतःची छाती नव्हती. आमटीत पडलेल्या माशीकडे पाहावे तसे ताईंनी त्याच्याकडे पाहिले.

मग त्यांनी गाडी गॅरेजच्या एकमेव फाटकात आडवी लावली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि नवऱ्याचा हात धरून समोरच्या थांब्यावरून कराडच्या एसटीत चढल्या.