खांबाचं माप

बस नीट थांबायच्या आत चिऊ उतरली आणि कॅथेड्रलच्या बाजूच्या दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्र्याकडे धावत गेली. वर्गात सगळे जिला 'पट्टी' म्हणत, तिने हे खिडकीतून पाहिलं. चार वर्षं एका बाकावर बसलेली मैत्रीण आज तिच्यासाठी थांबली नाही.

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाची ही एक दिवसाची सहल. पट्टीला मात्र सहलीचं सुख नव्हतं. या गॉथिक इमारतीची डागडुजी करणारा मिस्त्री आज वर्गातल्या एकाला कामावर घेणार होता. जागा मिळाली नाही तर तिला घरी जाऊन दादाच्या दुकानात फरशा विकायच्या होत्या. चिऊचं तसं नव्हतं. तिच्या आत्याच्या ऑफिसात खुर्ची तयार होती. 'मला काय करायचंय त्या दगडधोंड्यांत,' असं ती परवाच म्हणाली होती.

पट्टी जवळ गेली तसं दोघांचं बोलणं थांबलं.

"काय बोलत होतीस?"

"काही नाही गं, सहजच."

चिऊ खोटं बोलली की तिचे कान लाल होत. आत्ताही झाले. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते पट्टीला तेव्हा कळलं.

मिस्त्र्याने जोड्या पाडल्या; पट्टीच्या वाट्याला चिऊच आली. प्रत्येकाने एक खांब मोजून कागदावर उतरवायचा. एकाने शिडीवरून माप बोलायचं, जोडीदाराने खाली ते उलट न विचारता लिहायचं, मग अदलाबदल. इथे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं होतं.

आधी चिऊ वर चढली. पट्टीने तिची खालून हाताला येणारी दोन मापं हळूच तपासली. बरोबर निघाली. वरवरचा साळसूदपणा, दुसरं काय, असं तिने मनाशी म्हटलं.

मग पट्टीची पाळी आली. तिचं माप कधी चुकत नसे, म्हणून तर वर्गाने हे नाव ठेवलेलं. कमानी जिथून फुटत होत्या तिथे तिने टेप धरला. एकशे बेचाळीस. ती म्हणाली, "एकशे चाळीस." चिऊने मान वर न करता लिहून घेतलं. पुढची सगळी मापं अशीच गेली. जशास तसं, त्यात पाप कसलं?

दुपारी कागद गोळा झाले. मिस्त्र्याने पट्टीला एकटीला बोलावलं. त्याच्या टेबलावर चिऊचा कागद होता.

"हा माझा नाही," पट्टी म्हणाली. "तिचा आहे."

"माहीत आहे. सकाळी ती तुझ्यासाठीच शब्द टाकायला आली होती. वशिला तुला खपणार नाही, म्हणून तुला सांगू नका म्हणाली. आणि म्हणाली, पट्टीचं चित्र बघू नका, परीक्षेत तिचा हात कापतो. तिने बोललेलं माप बघा, ते सुतभरही चुकत नाही." मिस्त्री उठला. "मला पटलं. आमच्याकडे वरच्याच्या शब्दावरच खाली दगड कापला जातो."

त्याने एका हातात टेप घेतला, दुसऱ्या हातात चिऊचा कागद.

"चल, तुझी मापं ताडून बघू."