म्हस्कू आबांचं मारवेल

रस्त्यात मेंढरं थांबलेली दिसली, तसे म्हस्कू आबा पळत येऊन गेटला पाठ लावून उभे राहिले. गेटला कडी नव्हती. कडी म्हणजे आबाच.

मांडवगणच्या रस्त्याला त्यांचं नवं घर आणि घरापुढं मारवेल गवत. डोंगरातल्या झाडीतून ठोंब आणून लावलेलं, आता कमरेला लागलेलं. तुरे पिकत आले होते. बी झाडून शेताच्या बांधाबांधानं टाकायचं, एवढंच आबांच्या डोक्यात. शेजारच्या भिमाजी आप्पांनी पुण्याहून लॉन आणून अंथरलं होतं. ते येताजाता म्हणायचे, "म्हस्कू, दारात रान कशाला रं पोसतुयास?"

मेंढरांमागची पोरगी म्हणाली, "आबा, वाईच पाणी द्या की."

"पूनम, पाणी आण गं!" आबांनी जागचं न हलता सुनेला हाक मारली. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. मालक पाण्याला वळला की काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायचं?

"घरात दूध उतू चाललंय जणू," पोरगी नाक वर करत म्हणाली.

"जाऊ दे. तू मेंढरं हाक."

तेवढ्यात एक म्हातारी मेंढी लंगडत पुढं आली. तोंड इतकं केविलवाणं, की खोटं सांगत नाही, रस्त्यातला मैलाचा दगडसुद्धा विरघळला असता.

"काटा मोडलाय व्हय गं हिला?"

"काय की. आमाला न्हाई त्यातलं कळत."

"कळत न्हाई? मग राखतीस कशाला?" आबांनी रस्त्यातच बसकण मारली, पाय मांडीवर घेतला, खुराची बेचक चाचपली. काटा नाही. सूज नाही.

मागून गवत खुडल्याचा करकर आवाज आला. तो आवाज आबांना जन्मापासून ठाऊक होता.

पूनम तांब्या घेऊन बाहेर आली, तेव्हा अंगण भादरून झालं होतं. "अगं बाई! आबा, आता कसं लॉनवानी दिसतंय!"

"मुळं हाईत आबा, फुटंल परत," पोरगी मेंढरं बाहेर काढत म्हणाली. "लेंड्यातनं बी टाकत जातील की ही, बांधाबांधानं."

"आन् हिचा पाय?"

"त्याला काय झालंय? गेट दिसलं की लंगडती ती."

मेंढी चारी पायांवर तुरुतुरु निघाली. पुढं आप्पांचं गेट आलं आणि तिनं पाय उचलला. लॉनवर पेपर वाचत बसलेले आप्पा खुर्चीतून उठले.

"आबा, हाक मारा की आप्पांना!" पूनम म्हणाली.

आबांनी तोंड उघडलं. मग सुनेच्या हातातला तांब्या घेतला आणि सावकाश, अगदी तळाला जाईस्तोवर, पाणी प्यायले.