वाफेला वाट

शिडीवर चढलेल्या नबी मिस्त्रीनं तिसऱ्या पाइपाच्या तोंडाशी लोखंडी बूच धरलं, आणि खाली अंगणात उभी सत्यवती पुढं झाली.

"अहो आत्याबाई!" ती सासूला म्हणाली. कडेवरची लेक, आचल, दचकून रडायला लागली.

लाकडावर पाणी तापवायचा हा बंब मूर्तिजापूरच्या एका मंगल कार्यालयातून आलेला. तिथं दोन हंगाम लग्नंच धड लागली नव्हती. मालकानं सामान विकायला काढलं. इकडं हिवरखेडात दिवसाचे चौदा तास वीज नसायची, पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, मात्र परसात ढीग. म्हणून सासऱ्यांनी, केशवरावांनी, तो न्हाणीच्या भिंतीला लावून घेतला. एक पाइप गार पाण्याचा, दुसरा गरम पाण्याचा, आणि तिसरा सरळ छपराच्या वर गेलेला, उघड्या तोंडाचा. आज सकाळी पहिल्याच जाळाला त्या तोंडातून उकळत्या पाण्याची चूळ उडाली ती शेजारच्या टिनावर. टिनाला फटी, आणि टिनाखाली भाव येईस्तोवर भरून ठेवलेला कापूस.

केशवरावांनी जाळ ओढून काढला आणि मिस्त्रीला सांगितलं, "बंद कर ते भोक."

सत्यवती अमरावतीला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. गरम पाणी उलटं टाकीत जाऊ नये म्हणून गार पाइपात एकतर्फी वॉल्व्ह कालच बसला होता, तो तिनं पाहिला होता. आता हे बूच लागलं आणि न्हाणीतला नळ बंद असला, की आत तापणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. आणि भिंतीपलीकडं, बंबापासून दोन हातांवर, आचलला न्हाऊ घालायचा पाट.

सासरेही तिच्यापासून फार लांब नव्हते. चार पावलांवर उभे होते. पण या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसे. जे काय असेल ते सासूमार्फत. नवरा, सहदेव, असता तर त्याला सांगितलं असतं, पण तो नेमका आज अकोल्याला गेलेला.

"आत्याबाई, मामाजींना सांगा, तो पाइप बंद करू नका. वाफेला वाट पाहिजे."

लीलाबाई नवऱ्याकडं वळल्या. "सून म्हनते, धुराले वाट ठेवा."

"धुराले चिमनी हाये ना बाप्पा एवढी थोरली! दिसत नाई काय तिले?"

वरून नबी हसला. "वहिनी, धूर तिकून जाते. हा पान्याचा पाइप हाये."

"धूर नाही हो, वाफ!"

"तेच तं सांगतलं," लीलाबाई म्हणाल्या. "धूर काय न वाफ काय, वरच जाते ना?"

"बंब फुटेल म्हणा त्यांना."

"बंब फुटन म्हनते."

"काहून फुटन?" केशवराव बंबावर थाप मारत म्हणाले. "तांब्याचा हाये. कार्यालयात हजार-हजार मानसाचं पानी तापवलं यानं. तवा नाई फुटला?"

"तेव्हा उघडा होता, म्हणावं."

"तवा उघडा व्हता म्हनते."

"कोन उघडा व्हता?"

"मले काय मालूम कोन!" लीलाबाई वैतागल्या. "मी काय पाहाले गेली व्हती? शिकेल ते हाये, तिले इचारा."

पण विचारणार कसं? नबीनं बूच आट्यांवर बसवलं, पाना लावला. एक फेरा. कुर्रर्र. दुसरा फेरा.

सत्यवतीनं रडती आचल सासूच्या हातात दिली. डोईवरचा पदर घसरला, तो तिनं घसरू दिला. चार पावलं चालून ती सासऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामाजी, कुकरची शिटी काढून तिथं कोणी खिळा ठोकला आणि चुलीवर चढवला, तर तुम्ही त्या चुलीपाशी जेवायला बसाल?"

शिडीवरचा पाना थांबला.

"ह्या भिंतीपलीकडं तुमची नात न्हाते. पाइप बंद करू नका. त्याचं तोंड परसाकडं वळवा. कापूसही वाचेल."

केशवरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी बंबाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, भिंतीला बोटानं टकटक केलं. विटांचा एकच पदर होता.

"नबी, त्या पाइपाचं तोंड फिरवता येते काय?"

"येते ना पाटील. एक वाकडा एल्बो लागन. मी तं पहिलेच म्हनून राहिलो होतो—"

"तू काईच म्हनला नाई. काढ ते बूच."

पाना उलटा फिरायला लागला. केशवरावांनी घसा खाकरला. सत्यवती अजून हाताच्या अंतरावर उभी होती. तिला ओलांडून ते बायकोशी बोलले, "तिले सांग, बरोबर हाये तिचं."

लीलाबाईंनी आचलला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि सुनेकडं वळल्या.

"चहा मांड म्हनतात," त्या म्हणाल्या.