डोंग्याच्या नावाने हाक

पलीकडच्या काठावरून भैय्याजीने पुन्हा हाक मारली, "ओ तानबाऽऽ", आणि तानबाने तीही ऐकून सोडून दिली.

तो आपल्या नव्या डोंग्याजवळ वाळूत बसून सुतळी वळत होता. दसरा उलटून गेला तरी वर्धेचे पात्र भरलेले होते. मावळतीच्या उजेडात समोरच्या दोन आकृत्या काळ्या दिसत होत्या, पण ओळखू येत होत्या: गाठोड्यावर बसलेली सुमित्राबाई, आणि तिच्यापुढे धोतराचा सोगा हातात धरून उभा असलेला तिचा नवरा. भैय्याजी हा घाटावरच्या भोयांचा मुख्य पंच. त्याचा स्वतःचा डोंगा, गंगामाई, अलीकडच्या वाळूत पालथा पडून डांबर वाळण्याची वाट पाहत होता. म्हणून सकाळी तो बायकोला घेऊन दूरच्या पुलावरून एस.टी.ने गेला होता. परतीची एस.टी. आली नव्हती, आणि घाटावरचे बाकीचे डोंगे मासळीसाठी खालच्या अंगाला गेले होते.

घाटावर माणसाला हाक मारायची नाही, डोंग्याला मारायची, हा नियम भैय्याजीनेच घालून दिलेला होता. उतारूंवरून भोयांची डोकी फुटू लागली, तेव्हा त्याने सर्वांना बसवून ठरवले की ज्या डोंग्याचे नाव पुकारले जाईल तोच निघेल, दुसऱ्याने वल्ह्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून डोंग्याचे नाव ठेवताना मालक फार विचार करीत. ते कोणत्याही जिभेवर सहज यावे, वाऱ्याला न दबता पाण्यावरून पोचावे आणि शक्यतो देवीचे असावे.

तानबाने विचार करूनच ठेवले होते. रोहण्याच्या पेंटरकडून त्याने डोंग्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या ऑइलपेंटने मोठी अक्षरे काढून घेतली होती: सुलोचना.

सुलोचना त्याची मुलगी. उन्हाळ्यात तिने देवळीच्या एका कंपाउंडरशी लग्न लावले. तो परजातीचा. पंचायत बसली आणि ठरले की जातीतल्या कोणत्याही घरात या पोरीचे नाव पुन्हा निघणार नाही. दुसऱ्या दिवशी तानबा डोंग्यासाठी सागाच्या फळ्या पाहायला गेला.

डोंग्याच्या पूजेला भैय्याजी नारळ घेऊन आला, अक्षरांपाशी थबकला आणि ती खरवडून टाकण्यास त्याने सांगितले. तानबाने हात जोडले होते, ते तसेच ठेवले.

"पंचायतीनं माणसाचं नाव बंद केलं, भैय्याजी. डोंग्याचं कुठी केलं?"

भैय्याजी नारळ न फोडता परत गेला. त्यानंतर जातीतला एकही माणूस या डोंग्यात बसला नाही. पलीकडच्यांना मात्र यातले काय ठाऊक? बाजारकरी, शाळामास्तर, लग्नाची वऱ्हाडे दिवसभर मोकळ्या गळ्याने तिला हाका मारीत. झोपडीत चुलीपुढे बसलेली त्याची बायको आनंदाबाई प्रत्येक हाकेला मान वर करी, आणि तानबा वल्हे उचली.

आता ती झोपडीतून बाहेर आली. पाण्याजवळ जाऊन तिने समोर पाहिले.

"अजी, जा ना. संगं बाईमाणूस आहे. उद्या त्यायच्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

"जातो ना. मी काऊन नाई जाऊ? हाक तं येऊ दे."

"मारून तं राह्यले."

"मले मारून राह्यले," तानबा म्हणाला. "घाटावर मले कोणी हाक मारत नाई. त्यायचाच कायदा आहे."

पलीकडे सुमित्राबाई उठली. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले, तोच भैय्याजीने तिचे मनगट खाली ओढले. दोघांत काही बोलणे झाले. शब्द पाण्यावरून आले नाहीत, पण बाईचे हात आले: एकदा नदीकडे, एकदा आभाळाकडे, एकदा गावाच्या दिशेने. मग ती पाठ फिरवून गाठोड्यावर बसली. भैय्याजी काठाकाठाने खालच्या अंगाला चालत गेला, तिकडे कोणाचा डोंगा दिसतो का ते पाहून परत आला. खांद्यावरचा शेला त्याने काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

बराच वेळ नुसते पाणी वाहत राहिले. पदराचे टोक मुठीत घेऊन आनंदाबाई डोळे बारीक करून पाहत होती.

मग ती हाक आली. घशात अडकलेला मासळीचा काटा खाकरून काढावा, तशी. मान एका बाजूला वळवून, अर्धी वाऱ्यात सांडत आली. पण नाव सबंध आले.

"सुलोचना."

तानबा उठला. त्याने धोतरावरची वाळू झटकली, वल्हे उचलले आणि एक पाय डोंग्यात ठेवला. दोर खुंट्याला होता आणि खुंट्यापाशी आनंदाबाई उभी होती.

"आली हाक," तो म्हणाला. "सोड दोर."

आनंदाबाईने दोर हातात घेतला, खुंट्याभोवती आणखी एक वेढा दिला आणि ओढून घट्ट केला. मग समोरच्या काठाकडे तोंड करून ती डोंग्याच्या कडेला बसली.

"मले तं काई ऐकू नाई आलं," ती म्हणाली.