उघडा गाल

चेहरा कोरा ठेवून यायचं असतं, हे ओर्नेलाला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती ब्युटी पार्लरच्या पलंगावर पाठीवर पडली होती, केसांना टॉवेल गुंडाळलेला. टॅमझिन नावाची तरुण पोरगी शेजारी स्टुलावर बसून एकेक विचारत होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? कसली अ‍ॅलर्जी? चेहऱ्याला रोज काय लावता? लग्न कधी आहे?

"शनिवारी."

"मग आज साधंच करू. काही बायका आदल्या दिवशी येऊन चेहरा सोलून मागतात आणि उकडलेल्या खेकड्यासारख्या लाल होऊन लग्नाला उभ्या राहतात." टॅमझिननं कापूस ओला केला. "आता हा मेकअप काढूया."

"तो राहू दे. वरूनच कर."

"वरून? चादर न काढता गादी झोडपल्यासारखं होईल ते."

"मग डावी बाजू सोड."

टॅमझिननं उठून खिडकीचा पडदा ओढला, डोक्यावरचा दिवा मंद केला आणि परत येऊन नुसती बसून राहिली. शेवटी ओर्नेलानंच डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली.

कापसाचे बरेच बोळे लागले. कानशिलापासून जबड्यापर्यंत पसरलेली जांभळट लाल जन्मखूण हळूहळू वर आली. ओर्नेला सोळा वर्षांची असताना आईनं तिला ती झाकायला शिकवलं होतं. त्यानंतर इंगम गावात ती खूण कुणाला दिसली नव्हती. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्या वर्नलाही नाही.

"इथं दुखतं? कधी लेझर वगैरे केलंय?"

"नाही."

"मग या गालालाही तेच, जे त्या गालाला."

आणि तिनं केलंही तसंच. बोटं डाव्या गालावरून उजवीकडच्यासारखीच फिरली, ना घाईनं, ना जपून. ओर्नेलाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. टॅमझिननं ते टिपलं आणि काम चालू ठेवलं.

सगळं आटोपल्यावर ओर्नेलानं पर्समधून मेकअपची ट्यूब काढली.

"आज नाही हं. उद्या सकाळपर्यंत काहीच लावायचं नाही. सांगितलं होतं ना फोनवर?"

"मला कुठे सांगितलंस?"

"ज्यांनी वेळ ठरवली, त्यांना. ते म्हणाले, बरं."

म्हणजे वर्नला. हे फेशियल म्हणजे त्यानंच दिलेली भेट. बायकांना असलं काही आवडतं, एवढं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. बाकीचं त्यांना ठाऊकच असणार, असं त्याला वाटलं असेल. आणि तो आता बाहेर गाडीत बसलेला होता.

ओर्नेला आरशासमोर गेली. ट्यूब पिळून तिनं बोटावर ठिपका घेतला, गालापर्यंत नेला. पण त्या पोरीचा हात अजून गालावर होता तसा वाटत होता. तो पुसून टाकायला तिचं मन होईना. तिनं बोट कापसाला पुसलं आणि दार उघडून बाहेर गेली.

वर्न पेटरसन गाडीत खिम्याचा पॅटिस खात बसला होता. तिला बघताच त्याचा घास तोंडात राहिला. तो खाली उतरला, जवळ आला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू गाडीत बस," तो म्हणाला. "मी त्या पोरीशी जरा बोलून येतो."

"वर्न."

"मीच पाठवलं तुला. मीच पैसे मोजून भाजून घेतलं तुला."

तो दारापर्यंत पोचलासुद्धा. ओर्नेलानं मागून त्याची बाही धरली.

"तिनं काही नाही केलं. हे माझंच आहे. जन्मापासूनचं."

त्याचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. मग तो वळला आणि त्यानं तिच्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीच दुखलं नाही?"

"तसं नाही म्हणता येणार."

त्यानं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. स्वतः बसला, पण किल्ली फिरवली नाही.

"काहीतरी बोल," ती म्हणाली.

"काय बोलू? त्या बिचारीला मी काय काय सुनावलं असतं, तेच डोक्यात फिरतंय." मग त्यानं विचारलं, "आणि लग्नानंतर काय करणार होतीस?"

"तुझ्याआधी उठले असते. रोज."

"अगं, मी चारला उठतो."

"माहितीय. म्हणून महिनाभर तीनचा गजर लावून बघतेय."

वर्ननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय, हे तिला आधी कळेना. मग कळलं, आणि तिलाही हसू आवरेना.

"बाई गं," तो म्हणाला, "गजर बंद कर. झोप पूर्ण कर."

गावाबाहेर रेल्वे फाटकापाशी ऊस वाहणारी आगगाडी आडवी आली. साखर कारखान्याच्या हंगामाचे दिवस, डब्यांची रांग संपता संपेना. उतरतं ऊन ओर्नेलाच्या बाजूच्या काचेतून थेट आत आलं. तिनं गालावर हात धरला.

"झाकू नकोस आता," वर्न म्हणाला.

"झाकत नाहीये. आज ऊन लागू द्यायचं नाही म्हणाली ती."

त्यानं डोक्यावरची हॅट काढली, तिच्यापुढून हात लांबवला आणि ती काचेला लावून धरली. उसाचे डबे एकामागून एक खडखडत जात राहिले. हात अवघडला, तरी त्यानं तो खाली घेतला नाही.