अस्वलाला कानडीत बोलावण्याची पद्धत

नव्या काचेच्या दालनाबाहेर फलक लागला होता: अस्वल, मादी, वय सहा वर्षं, कर्नाटकातून आलेली. भाषा लिहायची राहिली होती.

अकराला उद्घाटन. धबधबा, सिमेंटचे खडक, फीत, कात्री, सगळं तयार होतं. अस्वल मागच्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हतं. रखवालदार वाघचौरे सकाळपासून गजांशी उभे राहून "ये बाई, ये राणी" करत होते.

"ती बाहेर आली नाही, तर उद्यापासून तुम्ही पार्किंगला," साहेब म्हणाले.

"तिला मराठी कळत नाही, साहेब."

"मग कानडीत बोला. तुमची सून कानडीच ना?"

सून कानडीच होती. म्हणून तर वाघचौरे मुलाच्या लग्नाला गेले नव्हते. त्याला दोन वर्षं झाली होती.

त्यांनी बायकोकडून नंबर घेतला.

"चैत्रा ना? वाघचौरे बोलतोय, प्राणिसंग्रहालयातून. अस्वलाला बोलवायचंय. कानडीत काय म्हणतात?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बा मगळे, बा," चैत्रा म्हणाली. "म्हणजे, ये पोरी, ये."

चुकायला नको म्हणून वाघचौऱ्यांनी फोन कानाला ठेवूनच मोठ्यांदा म्हणून पाहिलं. "बा मगळे, बा." मग पुन्हा, जरा हळू. "बा मगळे, बा."

अस्वल उठलं, अंग झटकलं आणि दारातून उजेडात गेलं.

"कधी येऊ, मामा?" फोनवर चैत्रानं विचारलं.

वाघचौऱ्यांनी घसा खाकरला.

"बुधवारी घरी ये," ते म्हणाले. "बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं."