गालातली सुपारी

मुरबाडच्या सूतगिरणीत यंत्रांच्या खडखडाटात ओरडून ओरडून चढलेला बाईजाचा आवाज गिरणी बंद पडल्यावरही उतरला नाही. “भांडतेस का बोलतेस गो?” म्हणत दोन घरांनी तिला कामावरून काढलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोण विचारणार? शहापूरच्या वृद्धाश्रमात काम मिळालं, तेव्हा आवाज दबावा म्हणून ती गालात सुपारी धरूनच गेली. खिडकीजवळच्या आजीला ती दोनदा हळूच म्हणाली, “च्या घे.” आजी बाहेर बघतच राहिली. चहावर साय धरली, तशी बाईजानं सुपारी खिडकीबाहेर थुंकली. “आजी, च्या घे गो, गार झाला!” मॅनेजरबाई धावत आल्या. बाईजाला वाटलं, गेलं हेही काम. आजीनं वळून तिचा हात धरला. “किती दिवसांनी कुणाचं बोलणं ऐकू आलं, बाय!” बाईजानं तिचे पायच धरले. पलीकडच्या खाटेवरून एक आजोबा ओरडले, “मला पण विचार की!”